मुलींचं व्हॉलीबॉल: पुण्यातून करिअर करायचं तर नेमकं काय लागतं?

नऊ_बाय_अठरा (धागाकर्ता)

दहावीच्या आसपासच्या, शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलींचे पालक हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुठल्या तरी धाग्यावर विचारतात आणि उत्तरं विखुरतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा.

चर्चेसाठी एक मुलगी धरू. वय १५, उंची १७१ सेंमी, उजव्या हाताची, शाळेच्या संघात अटॅकर, विभागीय स्पर्धेपर्यंत पोचलेली. सराव हडपसर भागात, मुरमाच्या मैदानावर.

तिला 'व्यावसायिक खेळाडू' व्हायचं आहे. मग पगार कोण देतं? पुढच्या सात वर्षांत कशानंतर काय करायचं? जागा कुठली धरायची? कागद कुठले सांभाळायचे? आणि गुडघे टिकवायचे कसे?

स्फूर्तिकथा नकोत, त्यांचे धागे वेगळे आहेत. आकडे आणि पायऱ्या लिहा.

फाइलवाली

पगाराचं उत्तर जरा कडू आहे, म्हणून आधी तेच घेऊ. टीव्हीवर दिसणारी प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ साली सुरू झाली ती पुरुषांची. त्याआधी २०१९ ची प्रो व्हॉलीबॉल लीगही पुरुषांचीच. त्यामुळे आपल्याकडे मुलींसाठी 'व्यावसायिक' म्हणजे खेळाच्या जोरावर मिळालेली कायमची नोकरी आणि त्या खात्याच्या संघातून खेळणं. सगळ्यात मोठं दार रेल्वेचं. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं वरचढ आहे तो याच भरतीमुळे. चांगली मुलगी दिसली की ती रेल्वेत जाते आणि पुढच्या वर्षी आपल्याच राज्याविरुद्ध खेळते. त्याखालोखाल पोलीस दलं, आणि केरळात वीज मंडळाचा संघ. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथे नोकरी मिळते, संघ मिळेलच असं नाही. हा फरक नीट समजून घ्या.

रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या खुल्या भरतीला वय १८ ते २५, आणि त्यात कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. गुण १०० पैकी: कामगिरीला ५०, चाचणीला ४०, शिक्षणाला १०. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले तरच पुढचा विचार होतो. पगाराच्या लेव्हल २-३ च्या पदाला किमान बारावी किंवा दहावी अधिक आयटीआय, लेव्हल ४-५ ला पदवी. म्हणजे 'खेळात आहे, अभ्यास राहू दे' म्हणणाऱ्यांनी मुलीचं पद आत्ताच खाली आणून ठेवलं.

आणखी एक. जाहिरातीत एक तारीख दिलेली असते आणि त्या तारखेनंतरचीच कामगिरी धरतात. अकरावीत मिळवलेलं राष्ट्रीय पदक पदवीनंतर दाखवलं तर बहुतेक वेळा शून्य. पदक ताजं असतानाच अर्ज झाला पाहिजे.

पेठेतला_पंच

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता क्रम.

वाटा दोन आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायच्या. पहिली शालेय: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. तालुका किंवा मनपा, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. पुणे मनपा आणि पिंपरी-चिंचवड मनपा विभागात स्वतंत्र संघ म्हणून उतरतात, त्यामुळे शाळा कुठल्या हद्दीत आहे याने स्पर्धेची वाट बदलते. दुसरी वाट व्हॉलीबॉल संघटनेची: जिल्हा संघटनेची निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, तिथून महाराष्ट्राचा संघ. शाळेत स्टार असलेल्या कितीतरी मुली ही दुसरी चाचणी चुकवतात, कारण तिचं पत्रक शाळेत येत नाही. जिल्हा संघटनेशी नोंदलेला क्लब धरला की निरोप मिळतो.

बारावीनंतर विद्यापीठ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी आंतरमहाविद्यालयीन, मग पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर, नाशिक यांची आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. नोकरीच्या फाइलला हे प्रमाणपत्र वजनदार असतं. म्हणून कॉलेज निवडताना कटऑफ बघा, पण संघ खरोखर उतरतो का, सराव रोज होतो की स्पर्धेआधी फक्त आठ दिवस, हेही विचारा. नुसतं 'क्रीडा परंपरा' लिहिलेलं माहितीपत्रक पुरत नाही.

सहावी_जागा

१७१ सेंमी आणि अटॅकर, इथेच खरी गंमत आहे. शाळेत ती उंच. राष्ट्रीय स्पर्धेत तिच्यासमोर १७८ ते १८३ च्या मुलींचा ब्लॉक, म्हणजे नेटवर उंचावलेल्या हातांची भिंत, उभा राहणार.

महिलांचं नेट २.२४ मीटर. १७१ उंचीच्या मुलीचा उभ्याने वर केलेला हात साधारण २.२० ते २.२३ ला जातो, म्हणजे बोटं जेमतेम नेटच्या पट्टीशी. ब्लॉकवरून मारायचं तर मनगट नेटच्या चांगलं वर यायला हवं. धावत येऊन मारलेल्या उडीत २.७५ मीटरपर्यंत पोच असेल तर चार नंबरवर ती निभावते (जागांचे नंबर: पुढच्या रांगेत उजवीकडून दोन, तीन, चार; मागच्या रांगेत उजवीकडून एक, सहा, पाच). पोच २.६५ ला अडकली असेल तर जागा बदला, आणि हे सतराव्या वर्षाआधी ठरवा. लिफ्टर (अटॅकरला बॉल उचलून देणारी) किंवा लिबेरो (फक्त मागे बचाव करणारी) व्हायला तीन वर्षं लागतात. विसाव्या वर्षी जागा बदलणारी मुलगी चाचणीत तिथल्या सरावलेल्या मुलींपुढे अर्धवट दिसते.

डेक्कनचा_डावखुरा

थोडं स्पष्ट बोलतो. पावणेसहा फूट नसेल तर अटॅकरचा नाद सोडावा. पालकांना गोड बोलून काही होत नाही.

सहावी_जागा

@डेक्कनचा_डावखुरा, अर्धंच बरोबर. सेंटर ब्लॉकर (नेटच्या मधोमध) आणि युनिव्हर्सल (उजवीकडून मारणारी) यांच्यासाठी मान्य. चार नंबरच्या अटॅकरचं निम्मं काम मात्र रिसिव्हचं आहे. लिबेरो आणि दोन अटॅकर, अशा तिघी मिळून समोरची सर्व्हिस घेतात. १८० ची पण रिसिव्हला फुटणारी मुलगी असेल तर समोरचा संघ प्रत्येक सर्व्हिस तिच्यावर टाकतो आणि दहा गुणांत ती बाहेर. १७३ ची, पक्का रिसिव्ह असलेली मुलगी संघात टिकते, कारण प्रशिक्षकाला तिला लपवावं लागत नाही.

रिसिव्ह मोजता येतो, म्हणून मोजा. प्रत्येक बॉलला ० ते ३ गुण. लिफ्टरला जागेवरून तिन्ही पर्याय खुले राहिले तर ३. दोन-तीन पावलं हलावं लागलं पण सेंटरला बॉल देता येतो तर २. फक्त उंच बॉल चारला किंवा दोनला टाकता येतो तर १. थेट गुण गेला तर ०. ६० सर्व्हिस घ्या: २० एक नंबरवरून, २० सहावरून, २० पाचवरून. तिघी वेगवेगळ्या सर्व्हिस करणाऱ्या हव्यात. सरासरी २ च्या वर सातत्याने राहिली तर राज्य पातळीवर उभं राहता येतं. १.६ असेल तर आणखी शंभर स्मॅश मारून काही बदलणार नाही.

मुरूम

जंप फ्लोटबद्दल, म्हणजे उडी मारून फिरकीशिवाय केलेल्या सर्व्हिसबद्दल, कुणीच लिहिलं नाही अजून. मुलींच्या सामन्यात सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

बॉलला फिरकी नसते, म्हणून तो हवेत शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये डगमगतो, कधी अचानक खाली बसतो. हात आधीच जोडून वाट बघणाऱ्या मुलीचा बॉल कोपराला किंवा खांद्याला लागतो. उपाय असा: नेटपासून साडेसहा ते सात मीटरवर उभं राहा, हात सुटे ठेवा, बॉल नेट ओलांडेपर्यंत पाय हलते ठेवा आणि हात उशिरा जोडा. बॉल छातीच्या रेषेत आला तर एक पाऊल मागे जाऊन अंडरहँड घ्यायची सवय इथे घात करते. पुढे सरकून अप्परने (डोक्याच्या वर, बोटांनी) घ्या. सर्व्हिसवर अप्पर घ्यायला नियमाने मनाई नाही, फक्त बॉल पकडल्यासारखा थांबता कामा नये. पुण्यातल्या बऱ्याच शाळांत अजूनही 'सर्व्हिस अप्परने घ्यायची नाही' असं शिकवतात, ते विसरा.

दिशा खांद्यांनी ठरते. हात झोकू नका. जिकडे बॉल द्यायचा त्या बाजूचा खांदा किंचित खाली, दोन्ही हातांची फळी दोन आणि तीन नंबरच्या मधे, नेटपासून एक मीटर आत. उंची अँटेनाच्या (नेटच्या कडेच्या उभ्या काठीच्या) टोकाइतकी पुरे. आभाळात घातलेला बॉल दिसतो छान, पण तेवढ्या वेळात समोरचा ब्लॉक जागेवर येऊन उभा राहतो.

अवांतर: मैदानावरच्या बॉलची हवा कोणी बघतच नाही. नियम ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौ. सेंमी, वजन २६० ते २८० ग्रॅम. पंपाच्या दुकानात दगडासारखा फुगवून आणलेला बॉल मनगटाच्या वर निळे डाग पाडतो आणि मुलगी रिसिव्हला घाबरायला लागते. हवेचा काटा ही किरकोळ खरेदी आहे. सुई घालण्याआधी ओली करा, नाहीतर वॉल्व्ह फाटतो.

कोथरूडची_फिजिओ

गुडघ्यांवर लिहिते.

१५ च्या मुलीत दोन दुखणी वेगळी ओळखायची. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं, स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतो तिथलं. उड्या कमी केल्या की बसतं. वाटीच्या अगदी टोकाशी, बोटाने दाखवता येईल इतक्या जागेत दुखत असेल, सराव सुरू करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी, तर तो जंपर्स नी. दुसऱ्या प्रकारात 'महिनाभर पूर्ण विश्रांती' हा सल्ला सगळीकडे मिळतो. विश्रांतीत दुखणं जातं, पण स्नायूबंध कमकुवतच राहतो. परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला भार हवा. भिंतीला पाठ टेकून किंवा गुडघ्यांमागे अडकवलेल्या पट्ट्यावर मागे रेलून, गुडघे साधारण ६० अंशात, ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं ५ वेळा. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस सावकाश स्क्वॉट: तीन सेकंद खाली, तीन वर. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं असेल तर भार जास्त झाला. नेमका भार किती, हे मात्र मुलीला एकदा प्रत्यक्ष तपासल्यावरच ठरवावं.

मोठी भीती लिगामेंटची, आणि मुलींमध्ये ती मुलांपेक्षा जास्त. बहुतेक वेळा गुडघा फिरतो तो उतरताना: एका पायावर, गुडघा आत वळलेला. तपासायचं कसं? ३० सेंमी उंच ठोकळ्यावरून खाली पाऊल टाकून उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर संथ गतीत चित्रण करा. गुडघे एकमेकांकडे झुकले तर उड्यांची संख्या वाढवायची नाही, आधी उतरणं शिकवायचं. दोन्ही पाय, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आणि आवाज कमी. आवाजावरून डोळे मिटूनही कळतं: 'धप' वाईट, 'टप' चांगलं.

घोटा: नेटखाली समोरच्या मुलीच्या पायावर उतरल्याने मुरगळतो. नियमात पाऊल मधल्या रेषेच्या पूर्ण पलीकडे गेलं तरच दोष. थोडं रेषेवर राहिलं तर पंच काही करत नाहीत, त्यामुळे दोघींचे पाय एकाच जागी येतात. शेवटची दोन पावलं लांब आणि जलद टाकून पुढचा वेग वरच्या उडीत बदलायला शिकवलं तर ती नेटखाली जातच नाही.

पेठेतला_पंच

शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. उजव्या हाताच्या मुलीची पावलं डावा, उजवा, डावा. मुरमाच्या मैदानावर शेवटचं पाऊल घसरतं, म्हणून मुली आपोआप लहान पावलं टाकून पुढे तरंगायला शिकतात. मग बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या लाकडी कोर्टवर चाचणीला आल्या की तेच तरंगणं त्यांना नेटमध्ये नेतं. चाचणीआधी निदान पंधरा दिवस आतल्या कोर्टवर सराव मिळवा, तोही गम सोलच्या बुटांत. रस्त्यावर घालून आलेले बूट आत घालू नका. सोलला धूळ बसली की पकड गेली.

निळी_फाइल

बूट-गुडघे झाले. कागदांवर फाइलवालींनी आणखी लिहावं, तिथेच सगळ्यात जास्त मुली अडकतात.

फाइलवाली

लिहिते, जमेल तितकं थोडक्यात.

जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हीकडे नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. एका ठिकाणी आईचं नाव मधे, दुसरीकडे वडिलांचं, एवढ्यावर वयोगटाची नोंद अडते. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यावर संशय घेतात, हाडांची वय-चाचणीही लागू शकते.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच वाचा: नाव, जन्मतारीख, गट, स्पर्धेची तारीख, ठिकाण, क्रमांक. 'सहभाग' आणि 'तृतीय क्रमांक' यात नोकरीचा फरक आहे. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. सहा महिन्यांनी त्यावर सही करणारा पदाधिकारी बदललेला असतो. संघाची यादी आणि निकालाच्या पत्रकाची प्रतही मागून ठेवा.

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा, कमाल २५, प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे मुदतीत जायला हवा. आणि ५ टक्के आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून क्रीडा प्रमाणपत्राचा पडताळणी अहवाल पदाचा अर्ज करण्याआधी हातात हवा. जाहिरात आल्यावर धावाधाव सुरू केली तर तारीख निघून जाते.

सगळ्यात दुखरी जागा: दोन संघटनांचा वाद चालू असताना खेळलेली स्पर्धा. जागतिक महासंघाने २०१६ च्या अखेरीस भारताच्या राष्ट्रीय महासंघाला निलंबित केलं होतं, ते २०१८ मध्ये उठलं. अशा काळात दोन्ही गट 'राष्ट्रीय' स्पर्धा भरवतात आणि मुलगी पदक घेऊन येते ते नंतर कुणी मोजत नाही. स्पर्धेचे पैसे भरण्याआधी आयोजक मान्यताप्राप्त आहे का, हे क्रीडा कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तराला किंमत नाही.

डेक्कनचा_डावखुरा

हे बाकी खरंच उपयोगी. उंचीचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. :)

परदेशी लीगचं काय? तुर्कस्तान, इटली इथे बायकांना बक्कळ पैसे मिळतात म्हणे.

सहावी_जागा

मिळतात. पण त्या लीगांमध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडू आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा इटलीचा संघ त्यांच्याच लीगमधून तयार झाला. अमेरिकेलाही हे उशिरा सुचलं: तिथल्या मुली कॉलेजनंतर परदेशी जायच्या, घरच्या लीग २०२१ पासून उभ्या राहिल्या. आपल्या मुलीने आधी भारतीय संघाचं शिबिर गाठावं, मग खालच्या पातळीच्या लीगचा विचार. त्यासाठी आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं, त्यात राष्ट्रीय महासंघाची मंजुरी असते. नोकरीत असेल तर खात्याची परवानगी वेगळी.

क्लबला पाठवायचं चित्रण गाण्यांवर कापलेल्या स्मॅशचं नको. एक पूर्ण सामना, कॅमेरा एंडलाइनच्या मागे पाच-सहा मीटर, शक्य तितका उंचावर, न कापलेला. प्रशिक्षक बघतो ते चुकीनंतरच्या पुढच्या रॅलीत ती कुठे उभी आहे.

कोथरूडची_फिजिओ

दोन गोष्टी राहिल्या.

खाणं. ६० किलोच्या मुलीला रोज ८५ ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. एक अंडं ६ ग्रॅम, पाव लिटर दूध ८, शंभर ग्रॅम पनीर १८, वाटीभर घट्ट डाळ ७-८. पोहे आणि चहावर सकाळचा सराव करून शाळेत गेलेली मुलगी दुपारपर्यंत १० ग्रॅमवरही पोचत नाही. जेवणाला लागून चहा नको, लोह शोषलं जात नाही. उसळीवर लिंबू पिळा. पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडू नका. खाणं खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यातून हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टरांना दाखवा.

औषधं. राष्ट्रीय पातळीवर डोपिंगची चाचणी होऊ शकते. नाक मोकळं करणाऱ्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपुढे निषिद्ध. स्टेरॉइडची सुई, अगदी सांध्यातलीही, २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध. दमेकरी मुलींनी पंपाचं औषध आणि डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. जिममधल्या दादाने दिलेला डबा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

नऊ_बाय_अठरा (धागाकर्ता)

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. पोच २.७५ की २.६५ हे ठरवायचं म्हणताय, पण हडपसरच्या मैदानावर मोजायचं कसं? यंत्र नाही, आणि भिंतीकडे धावत जाऊन उडी मारायला लावणं धोक्याचं.

मुरूम

बास्केटबॉलची रिंग शोधा. रिंग ३.०५ मीटरवर, फळ्याची खालची कड २.९० वर. पण आपल्याकडच्या मैदानांवर खांब वाकलेले असतात, म्हणून आधी टेपने खरी उंची मोजा. रिंगला सुतळीच्या सात दोऱ्या बांधा, टोकं २.५५ पासून ५ सेंमीच्या फरकाने २.८५ पर्यंत. प्रत्येक टोकाला वेगळ्या रंगाची चिंधी. मुलीला रिंगच्या बाजूने, खांब समोर येणार नाही असं तिरकं धावू द्या. तीन उड्या, मधे दोन मिनिटं, सगळ्यात वरची हललेली चिंधी धरा. दर सहा आठवड्यांनी तेच मैदान, तेच बूट, सरावाच्या आधी. नंतर घेतलं तर पाच सेंमी कमी येतं आणि घरी उगाच रडारड.

वारा असेल त्या दिवशी घेऊ नका. चिंध्या आपोआप हलतात.